दोराला आशा म्हणणारी भाषा

मे महिन्यात मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरच्या विहिरीशी पहाटे तीनला गेलात, तरी तिथं तुमच्या आधी कुणीतरी आलेलं असतं. हंडे-कळश्या रांगेत ठेवलेल्या, बाया कठड्याला टेकून बसलेल्या. कुणी घाई करत नाही, कारण घाई करून उपयोग नसतो. तळाशी पाणी असं नसतंच, खडकाच्या फटीतून पाझर असतो. रात्रभर तो ठिबकतो, तळाच्या खळग्यात वीतभर पाणी साचतं, आणि मग कुणीतरी दोर सोडतं. पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज आला की दोराला अलगद हिसका द्यायचा, म्हणजे पोहरा आडवा होतो आणि मिळेल तेवढं पाणी पोटात घेतो. अर्धा पोहरा. मग पुन्हा थांबायचं.

दोर, साचणारं पाणी आणि वाट पाहणं. मराठीत ही तीन वेगळी कामं आहेत, त्यांना तीन वेगळे शब्द आहेत. हिब्रूत, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या भाषेत, ही तिन्ही क-व-ह या तीन अक्षरांतून निघतात. त्या अक्षरांतून 'किव्वा' होतं, म्हणजे त्यानं वाट पाहिली, आस धरली. त्यांतूनच 'मिक्वे' होतं, म्हणजे पाणी गोळा होऊन राहतं ती जागा. ग्रंथाच्या पहिल्याच पानावर, सृष्टीच्या तिसऱ्या दिवशी, सगळं पाणी एका जागी जमा होतं, तेव्हा हीच अक्षरं येतात. आणि त्यांतूनच 'तिक्वा' होतं. तिक्वा म्हणजे आशा. तिक्वा म्हणजे दोरही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. जव्हारात राहणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. इथं उन्हाळ्यात आशा खरोखरच हातात धरता येते. ती काथ्याची किंवा नायलॉनची असते, आणि पन्नास फुटांची पुरत नाही म्हणून तिला आणखी एक तुकडा जोडलेला असतो.

ग्रंथाच्या क्रमानं वाचत गेलं, तर तिक्वा हा शब्द पहिल्यांदा भेटतो तोही दोर म्हणूनच. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहराच्या तटाला लागून राहाब नावाच्या बाईचं घर आहे. शहरावर हल्ला व्हायचाय. राहाब दोन परक्या हेरांना लपवते आणि खिडकीतून खाली उतरवून देते. जाताना ते तिला सांगतात की याच खिडकीला लाल दोर बांधून ठेव, म्हणजे तुझं घर आम्ही ओळखू आणि वाचवू. तो लाल दोर म्हणजे तिक्वा. मग ती रोज त्या दोराकडे बघत बसली असेल, असं मला वाटतं. ग्रंथ तेवढं सांगत नाही. पण त्या शब्दात ते आहे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही खरोखर एकाच धातूची लेकरं आहेत, की दोन वेगळे धातू काळाच्या ओघात सारखे दिसू लागले, यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही. काही म्हणतात, पिळून घट्ट केलेला दोर, ताणलेलं मन आणि एकवटलेलं पाणी यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. काही म्हणतात, पाण्याचा धातू वेगळा. मला विचाराल तर या वादानं नवल कमी होत नाही. कारण ज्यांनी हे ग्रंथ रचले त्या कवींच्या कानाला हे शब्द एकच वाटत होते, आणि त्यांनी ते एकमेकांवर मुद्दाम घासून ठिणग्या पाडल्या आहेत.

त्यातली सर्वांत मोठी ठिणगी यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात आहे. तो अध्याय दुष्काळाचा आहे. शहरातले मोठे लोक आपल्या गड्यांना पाण्याला पाठवतात. गडी टाक्यांपर्यंत जातात, पाणी मिळत नाही, रिकामी भांडी घेऊन परत येतात आणि लाजेनं डोकं झाकून घेतात. जमिनीला भेगा पडल्या आहेत. शेतकऱ्यांनीही डोकी झाकली आहेत. रानात हरिणी नुकतंच झालेलं पाडस टाकून निघून जाते, कारण चारा नाही. रानगाढवं उजाड टेकाडांवर उभी राहून धापा टाकतात. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं हे वर्णन आहे, पण रिकामा हंडा घेऊन परतणाऱ्या माणसाची ती लाज मोखाड्यात आजही कुणालाही ओळखू येईल. त्यात त्याचा काही दोष नसतो, तरी मान खाली जाते.

आणि या अध्यायाच्या मध्यावर यिर्मया देवाला हाक मारतो, तीही 'इस्राएलचा मिक्वे' म्हणून. इस्राएलची आशा. आणि त्याच शब्दात, इस्राएलचा साचलेला पाणवठा. टाक्या कोरड्या पडलेल्या असताना तो देवालाच टाकं म्हणतो. पुढं, सतराव्या अध्यायात, तो हाच शब्द पुन्हा वापरतो आणि लगेच त्याच दमात देवाला जिवंत पाण्याचा झरा म्हणतो, म्हणजे हा योगायोग नव्हता हे पक्कं होतं. मराठी अनुवादात इथं 'आशा' एवढंच येतं. पाणी सांडून जातं. त्याला अनुवादकांचा इलाज नाही, आपल्याकडे तसं भांडंच नाही.

बरं, देव काय उत्तर देतो? तो यिर्मयाला सांगतो की या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस. उपास केले तरी ऐकणार नाही. यापेक्षा मोठी निराशा कुठल्या धर्मग्रंथात असेल असं मला वाटत नाही, कारण इथं दार देवानंच लावलंय. तरी अध्यायाच्या शेवटी लोक म्हणतात, पाऊस दुसऱ्या कुठल्या देवाच्या हातात आहे का, आम्ही तुझीच वाट पाहू. त्या 'वाट पाहू' मध्ये पुन्हा तीच तीन अक्षरं. पुढचा अध्याय सुरू होतो तो पुन्हा नकारानंच. आणि थोड्या ओळींनंतर यिर्मया, हाच यिर्मया, देवाला तोंडावर विचारतो की तू मला फसव्या ओढ्यासारखा होणार आहेस का, ज्याच्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही.

फसवा ओढा म्हणजे काय, हे आमच्या भागात पाहायला मिळतं. जव्हार-मोखाड्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये दाभोसाच्या धबधब्यापुढे उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण खाली काळा बसाल्ट आहे, वर मातीचा पातळ थर, आणि सगळीकडे उतार. पाणी मुरत नाही, धावतं, आणि वैतरणेसारख्या नद्यांतून खाली निघून जातं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. ते मुंबईची तहान भागवतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. जो ओढा श्रावणात ओलांडता येत नव्हता, त्याच्या पात्रात चैत्रात खड्डा उकरून वाटीनं पाणी भरावं लागतं.

ईयोबाच्या पुस्तकात असाच एक ओढा आहे. ईयोबाचं सगळं गेलंय, मुलं, गुरं, अंगाची कातडीसुद्धा. मित्र सांत्वनाला येतात आणि त्यालाच दोष देऊ लागतात. तो म्हणतो, तुम्ही त्या ओढ्यासारखे आहात जो थंडीत बर्फानं गढूळ होऊन वाहतो आणि उन्हात नाहीसा होतो. दुरून आलेले काफिले त्याच्या भरवशावर वाट वाकडी करतात, तिथं पोचतात आणि फजीत होतात. काफिल्यांनी 'आशा धरली' यासाठी जे क्रियापद आहे ते आता तुम्हीच सांगू शकाल.

पण ईयोबाचा खरा चमत्कार पुढच्या अध्यायात आहे. तो म्हणतो की माझे दिवस विणकराच्या धोट्यापेक्षा वेगानं जातात आणि संपतात, कारण उरत नाही ती... आणि इथं तो 'तिक्वा' म्हणतो. उरत नाही ती आशा, असं ऐका. किंवा उरत नाही तो धागा, असं ऐका. मागावर धोटा इकडून तिकडे पळतोय, कांडीवरचं सूत संपत आलंय, आणि विणकराला ठाऊक आहे की कापड अर्धंच राहणार. एका शब्दात माग आणि मरण दोन्ही. अनुवादकाला दोन्हींतलं एक निवडावं लागतं, आणि प्रत्येक भाषेतला अनुवादक इथं हळहळला असणार.

या कुटुंबातला एक शब्द अजून सांगायचा राहिला. 'काव' म्हणजे गवंड्याची दोरी, जी ताणून भिंत सरळ आहे की नाही ते पाहतात. विलापगीतात, जिथं यरुशलेमच्या पाडावाचा शोक आहे, तिथं देव ही दोरी नगरीच्या तटावर ताणतो, पण पाडण्यासाठी. कुठून कुठपर्यंत पाडायचं ते मोजतो. आणि जखऱ्याच्या पुस्तकात तीच दोरी त्याच नगरीवर पुन्हा ताणली जाते, बांधण्यासाठी. दोरी तीच आहे.

हे सगळं इतक्या लांबचं, वाळवंटातलं आणि परक्या लिपीतलं असूनही मराठी माणसाला परकं नाही, याला एक कारण आहे. हा ग्रंथ कित्येक पिढ्या मराठी बोलणाऱ्या लोकांचा स्वतःचा ग्रंथ आहे. बेने इस्राएल हे कोकणातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीची माणसं बुडाली, आणि त्यांच्याबरोबर ग्रंथही बुडाले. पुढं ते गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर झाले. हिब्रू जवळजवळ गेली. एकच एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली, देव एक आहे असं सांगणारी, आणि तीच लग्नाला, बारशाला आणि मरणालाही म्हटली जायची. कित्येक पिढ्या ग्रंथ नाही, लिपी नाही, हातात फक्त हा एक धागा. तिक्वाचा याहून नेमका अर्थ मला दुसरीकडे सापडलेला नाही.

ग्रंथ परत आले ते मराठीतून. 1832 साली मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं बेने इस्राएलांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी हिब्रू शिकून घेतली आणि राहिले ज्यूच. 1846 मध्ये मुंबईत हगादा, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या रात्री घराघरांत वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. 1874 मध्ये पुण्यात निघालेल्या हगाद्याच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया साडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसरातून सुटलेल्या माणसांची गोष्ट, आणि चित्रात आपल्या कोकणातलं स्वयंपाकघर. पुढं 1880 च्या सुमारास ज्यू कीर्तनंही सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनाच्या बाजानं रंगू लागली. ठाण्यात 1879 पासून त्यांचं प्रार्थनागृह उभं आहे, त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार आणि मोखाडा त्याच ठाण्याच्या जिल्ह्यात होते, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत खेटे घालणारा आमचा माणूस त्या दारापासून फार लांबून जात नव्हता.

या समाजाचा सर्वांत लाडका संदेष्टा एलियाहू हानावी. नवस फेडताना, लग्नात, नव्या घरात शिरताना ते मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं असं ताट भरून एलियाहूचं गाणं म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एक खडक आहे, तिथून एलियाहू अग्निरथातून स्वर्गात गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या, असं सांगतात. हा आनंदाचा, नवस पुरा झाल्याचा संदेष्टा. म्हणून त्याची मूळ गोष्ट वाचताना मी चकित झालो.

त्या गोष्टीतही दुष्काळच आहे. एलियाहू सांगतो की पाऊस पडणार नाही, आणि पडत नाही. तो ज्या ओढ्याकाठी राहतो तो ओढाही आटतो. मग तो एका विधवेच्या दारी जातो. ती काटक्या गोळा करत असते, मडक्यात उरलेल्या मूठभर पिठाची शेवटची भाकरी करून मुलासह ती खायची आणि मग मरायचं, असं तिनं ठरवलेलं असतं. ते पीठ संपत नाही. पुढं कर्मेल डोंगरावर तो सेवकाला समुद्राकडे बघायला पाठवतो. सेवक येऊन सांगतो, काही नाही. असं सहा वेळा. सातव्यांदा तो म्हणतो, माणसाच्या तळहाताएवढा एक ढग वर येतोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात जव्हारच्या डोंगरकड्यावर उभं राहून पश्चिमेकडे बघणाऱ्याला त्या तळहाताएवढ्या ढगाची किंमत कळते. मग आभाळ काळं होतं आणि कोसळतं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. दुष्काळ संपला, देवाचा विजय झाला. पण पुढच्याच अध्यायात एलियाहू रानात एकटा जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. पुरे झालं, म्हणतो. ही निराशा पाऊस पडत नव्हता तेव्हा आली नव्हती, ती पाऊस पडल्यावर आली. ज्यांनी कुणी हे लिहिलं त्यांना माणूस आतून माहीत होता. आणि त्यावर देव काय करतो? समजूत घालत नाही, श्रद्धा कमी पडली असं म्हणत नाही. एलियाहू झोपून जातो. देवदूत त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचा तांब्या आहे. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा जेवायला घालतो, कारण वाट लांबची आहे. दोनदा जेवण आणि दोनदा झोप. निराश माणसासाठी यापेक्षा शहाणा उपाय मी कुठं वाचलेला नाही.

बेने इस्राएलांच्या सणांची नावंही कोकणी जेवणाघरातली आहेत. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ती नोंदवून ठेवली. त्यांनी आपला इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला, तो छापून आला 1937 मध्ये. त्यात खिरीचा सण आहे, दारफाळणीचा सण आहे. आणि जगभरातले ज्यू ज्या दिवशी यरुशलेमच्या मंदिराच्या विनाशाचा शोक करतात, जमिनीवर बसून विलापगीत वाचतात, त्या दिवसाला कोकणात नाव होतं बिरड्याचा सण. मोड आणून, सालं काढून केलेल्या वालाचं ते बिरडं. ज्यांनी हे नाव दिलं त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण ओल्या फडक्यात बांधून अंधारात ठेवलेल्या वालाला दोन दिवसांनी मोड येतात, हे ज्यांच्या घरात घडतं त्यांना त्या नावापाशी थोडं थांबावंसं वाटेल.

विलापगीताचं हिब्रू नाव 'एखा'. त्याचा अर्थ 'कसं!' आपल्याकडे मयताच्या घरी बाया जे पहिलं बोलतात, कसं गं झालं, तेच. इ.स.पूर्व 587 च्या सुमारास बाबिलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या फौजेनं यरुशलेम फोडलं, मंदिर जाळलं, आणि पुष्कळ लोकांना बंदी करून बाबिलला नेलं. वेढ्यात आधी भूक आली. विलापगीतात तान्ही मुलं आईच्या मांडीवर धान्य मागत मागत गतप्राण होतात, पाण्यावाचून जीभ टाळूला चिकटते. ही पानं मला एका दमात वाचता येत नाहीत. 1992-93 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली. मुंबईपासून काही तासांवर. तेव्हापासून ते गाव नकाशावरचं गाव राहिलं नाही, ते एक आठवण झालं.

विलापगीताची ही पानं मूळ हिब्रूतून मराठीत आणणाऱ्यांमध्ये एक बाई होत्या, पंडिता रमाबाई. 1874 मध्ये, दुष्काळी दिवसांत, काही आठवड्यांच्या अंतरानं त्यांचे वडील आणि आई गेले, पुढं बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ अन्नावाचून पायी देशभर फिरले. आयुष्याच्या उतरणीवर, केडगावच्या मुक्ती सदनात, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मुळावरून मराठीत आणलं. तिथल्याच बाया खिळे जुळवून ते छापायच्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये निघाला. आईच्या मांडीवर भुकेनं मरणाऱ्या मुलांच्या ओळीशी त्यांची लेखणी आली असेल, तेव्हा त्यांना कोश उघडायची गरज पडली नसेल.

आता या विलापगीताची बांधणी बघा, कारण खरं नवल तिथं आहे. हिब्रू लिपीत 22 अक्षरं. पहिल्या अध्यायात 22 कडवी, पहिलं कडवं पहिल्या अक्षरानं, दुसरं दुसऱ्यानं, असं शेवटपर्यंत. म्हणजे क ते ज्ञ रडणं. दुसरा अध्याय तसाच, चौथा तसाच. मधला, तिसरा, तिप्पट दाट. एकेका अक्षरानं तीन तीन ओळी, एकूण 66. सगळं कोसळलंय, नगर नाही, मंदिर नाही, राजा नाही, धान्य नाही. कवीकडे मुळाक्षरं तेवढी उरली आहेत. शोकाला सुरुवात आणि शेवट असावा म्हणून त्यानं तो त्या अक्षरांवर ताणून बसवला.

त्या मधल्या अध्यायात, जिथं दाटी सर्वांत जास्त, एक विलक्षण वळण आहे. अठराव्या ओळीत कवी म्हणतो, माझी आशा नष्ट झाली. तीन ओळींनंतर म्हणतो, एक गोष्ट आठवते आणि म्हणून मी आशा धरतो. दोन्हींत शब्द एकाच धातूचा, जरी तो क-व-ह नाही. मधे बाहेर काहीच घडलेलं नाही. वेढा उठला नाही, धान्य आलं नाही. आणि त्याच्या थोडं पुढं, धुळीत तोंड टेकलेल्या माणसासाठी तो एक अगदी छोटा शब्द वापरतो, 'उलाय'. कदाचित. कदाचित तिक्वा असेल. नक्की आहे असं तो म्हणत नाही. मला या 'कदाचित'चा फार आधार वाटतो, कारण नक्की म्हणणाऱ्यांची भाषणं आम्ही निवडणुकीच्या निवडणुकीला ऐकतो.

स्तोत्रसंहितेतही हेच. हिब्रूत तिचं नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तुतिगीतं. 150 गीतं, आणि त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाणी. 88 वं तर असं की त्यात कुठंच उजेड नाही, आणि मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द अंधार हाच आहे. ग्रंथ जुळवणाऱ्यांनी ते वगळलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. अंधारावर संपणारं गीतही स्तुतीच्या पोथीत ठेवून दिलं.

यरुशलेम पडण्याच्या आधीच जे बंदी होऊन बाबिलला गेले होते, त्यांना यिर्मयानं पत्र लिहिलं. आमच्याकडे दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर माणसं निघून जातात. याला इथं स्थलांतर कुणी म्हणत नाही, 'जगायला जातो' म्हणतात. यिर्मयाचं पत्र अशाच जगायला नेलेल्या माणसांना आहे. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, असं तो लिहितो. तुम्हाला भविष्य आणि तिक्वा मिळेल, असंही लिहितो, पण मुदत देतो सत्तर वर्षांची. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेक कुणी ते पाहणार नव्हतं. त्यानं ते लपवलं नाही.

आणि वेढा चालू असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, यिर्मयानं जमीन विकत घेतली. अनाथोथ या आपल्या गावातलं चुलतभावाचं शेत, 17 शेकेल चांदीला. गाव शत्रूच्या ताब्यात गेलेला मुलूख, आणि हा साक्षीदार बोलावून, चांदी तराजूत तोलून, खत करतो. एक खत मोहोरबंद, एक उघडं. ती दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. वनहक्काच्या पट्ट्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचून ठेवणाऱ्या माणसाला यिर्मया कळेल. मजा म्हणजे व्यवहार झाल्यावर तो स्वतःच देवाजवळ गोंधळून जातो. नगर पडतंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस? ते शेत त्यानं पुढं कधी कसलं असं ग्रंथात येत नाही. त्याला मिसरात नेलं गेलं.

विलापगीताचा पाचवा, शेवटचा अध्याय. इथं मुळाक्षरांची साखळी तुटते. ओळी कुठल्याही अक्षरानं सुरू होतात. दुःखानं शेवटी ती शिस्तही मोडली, असं वाटतं. पण मोजून बघितलं तर ओळी 22 च आहेत. अक्षरं गेली, मोजणी राहिली. एकविसाव्या ओळीत विनवणी आहे, आम्हाला परत घे, आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर. आणि बाविसावी, म्हणजे सगळ्या विलापगीताची शेवटची ओळ, ती विनवणी जवळजवळ खोडून टाकते. तू आम्हाला कायमचं टाकलंस का, तुझा राग इतका आहे का, अशा अर्थाची. तिथं पुस्तक संपतं.

ज्यूंनी ही ओळ काढली नाही. तिच्यापुढं नवी ओळ लिहिलीही नाही. त्यांनी एवढंच ठरवलं की सभेत वाचताना शेवटच्या ओळीवर थांबायचं नाही. ती वाचून झाली की वाचणारा एक पाऊल मागं येतो आणि एकविसावी ओळ पुन्हा म्हणतो. यशयाच्या, उपदेशकाच्या, बारा लहान संदेष्ट्यांच्या पुस्तकांच्या शेवटालाही हाच रिवाज. विलापगीत वाचायचं ते जमिनीवर बसून, मंद उजेडात, बिरड्याच्या सणाच्या दिवशी. लिहिलेल्या ओळी बावीस, वाचलेल्या तेवीस.